इतर नावं: नाहीत

स्वीडनच्या एका सरदार घराण्यातल्या मुलीला मी पहिल्याच भेटीत टेबल पुसायला लावलं. मुलगी म्हणजे वय वर्षं सत्त्याहत्तर. तिनं निमूटपणे पुसलं, कोपऱ्यातला चहाचा डाग नखानं खरवडून काढला आणि विचारलं, "खुर्च्याही पुसू?"

"हो, पुसून टाका," मी म्हणाले.

ही हकिगत ऐकली की माझी नात विचारते, "आजी, तू तेव्हा रूड होता?" मी सांगते, हो बाळ, फार. तेव्हाची मी आज मला रस्त्यात भेटले तर मी पलीकडच्या पेव्हमेंटवर जाईन.

तेव्हा मी चाळिशीला टेकले होते. नवऱ्याच्या सॉफ्टवेअरच्या नोकरीमागून नॉटिंगहॅमला येऊन चार वर्षं झाली होती. मी सोलापूरची बी.एस्सी., फर्स्ट क्लास. वर लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा, आणि लग्नाआधी तीन वर्षं तिथल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मायक्रोस्कोपला डोळा लावून केलेली नोकरी. इथं मात्र मी एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काचसामान धूत होते. सकाळी सहा ते दुपारी दोन. रबरी हातमोजे, बाटल्या, ट्रे. पण मंडळाच्या गणपतीत कुणी विचारलं की मान जराशी वर करून सांगायचे, "हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे." पुढचं वाक्य सांगायचेच नाही. मग लोक आपापले कोलेस्टेरॉलचे रिपोर्ट घेऊन यायचे, आणि मी ते चष्म्याच्या वरून, मग चष्म्यातून बघून "हं" म्हणायचे. त्या एका "हं"वर किती जणांनी तूप सोडलं असेल, देव जाणे.

अशी ही विदुषी एका गुरुवारी लायब्ररीच्या मागच्या खोलीत गेली. तिथं दर गुरुवारी दुपारी बायका आपापले फॉर्म घेऊन यायच्या. कौन्सिलच्या घराचे, मुलांच्या शाळेचे, व्हिसाचे. ते भरायला तिथं मदत मिळायची. मला मराठी, हिंदी आणि मोडकीतोडकी गुजराती येते म्हणून मी मदतीला जायचं ठरवलं होतं. खरं कारण असं की दुपारी घरी माझं इंग्रजी ऐकायला कुणी नसायचं. खोलीत कोपरावर भोक पडलेल्या स्वेटरमधली एक उंच म्हातारी कप गोळा करत होती. मी तिला कामाला लावलं आणि मुख्य बाईंची वाट बघत बसले. अर्ध्या तासानं म्हातारीनं फडकं रेडिएटरवर वाळत टाकलं, टेबलाच्या टोकाची खुर्ची ओढली आणि म्हणाली, "चला, कुणाचा फॉर्म आधी?"

शेजारच्या पंजाबी बाईनं माझ्या कानाशी सांगितलं, "बॅरनची मुलगी आहे ती. घरात नोकरांनासुद्धा नोकर होते म्हणे. सगळं सोडून आली. बायकांच्या हक्कांसाठी आत जाऊन आलीय."

पुढच्या गुरुवारी मी पेढे करून नेले आणि किंचित वाकून "युअर हायनेस" म्हणाले. तिनं एक पेढा खाल्ला, दुसरा उचलला. "हायनेस राजाच्या घरात असतात," ती म्हणाली. "आम्ही बरेच खालचे. आणि टेबल खरंच घाण होतं."

मी तिला बाईसाहेब म्हणायला लागले. आधी मनात, मग तोंडावर. अर्थ विचारला तेव्हा मी सांगितला.

"मान आहे की टोमणा?"

"दोन्ही."

"मग चालेल."

बाईसाहेबांची कामाची एक रीत होती. त्या कुणाचाही फॉर्म भरून देत नसत. बाईनं उभं राहायचं, फॉर्म हातात धरायचा, त्यातला एकेक प्रश्न मोठ्यानं वाचायचा आणि मोठ्यानंच उत्तर द्यायचं. मग ते पेन्सिलीनं लिहायचं. शाई सगळ्यात शेवटी. "फॉर्म हळू आवाजात विचारतो," त्या म्हणायच्या, "कारण त्याला घाईतलं उत्तर हवं असतं. त्याला मोठ्यानं बोलायला लावा." एका सोमाली बाईनं "कुटुंबप्रमुख कोण" हा प्रश्न असा मोठ्यानं वाचला आणि स्वतःच हसत सुटली. चार मुलांना घेऊन ती एकटी राहत होती, आणि पळून गेलेल्या नवऱ्याचं नाव तीन वर्षं त्या रकान्यात लिहीत होती. मी हा सगळा प्रकार कोपऱ्यातून जरा कौतुकानं बघायचे. अडाणी बायका, बिचाऱ्या, असं मला वाटायचं. माझ्यासारखीला फॉर्म वाचून दाखवायची काय गरज?

बाईसाहेबांनी कायद्याचा अभ्यास केला होता, इंग्रज शाळामास्तराशी लग्न केलं होतं आणि त्याच्याबरोबर या गावात आल्या होत्या. इथं मोज्यांचे कारखाने होते. एकाच यंत्रावर बाई आणि बुवा एकच मोजा विणायचे आणि पगार वेगळा. बाईसाहेब त्या फाटकांसमोर कितीतरी हिवाळे उभ्या राहिल्या. बँकेत खातं उघडायला गेल्या तर बँकवाला म्हणाला, नवऱ्याची सही आणा. त्यांनी दुसऱ्या दिवशी नवऱ्यालाच आणलं, त्याला खातं उघडायला बसवलं, आणि त्याच्या अर्जावर "पत्नीची परवानगी" असं लिहून खाली स्वतः सही ठोकली. बँकवाल्यानं अर्ज फाडला. कौन्सिलच्या दारात बसल्या म्हणून तीन दिवस कोठडीत काढले, तर तिथल्या पहारेकरणीला तिच्या रजेचा अर्ज उभं राहून मोठ्यानं वाचायला लावला. हे मला नंतर त्यांच्या एका मैत्रिणीकडून कळलं. स्वतः त्या विचारल्याशिवाय काही सांगत नसत, आणि मी माझंच सांगत असल्यामुळे विचारत नसे.

त्या हिवाळ्यात एक दिवस, जेवणाच्या सुट्टीत, शिकाऊ मुलांच्या मायक्रोस्कोपमध्ये डोकावताना मला लॅबच्या मॅनेजरनं पकडलं. कार्डिफची ठेंगणी, खळखळून हसणारी बाई.

"कळतं का त्यातलं काही?" तिनं विचारलं.

मी समोरच्या पांढऱ्या पेशींची एकामागून एक नावं घेतली. वर म्हणाले, "स्लाइड रंगात जरा जास्त वेळ राहिलीय."

ती हसायची थांबली. "दीड महिन्यानं टेक्निशियनची जागा निघतेय. शिकवायचं ते आम्ही शिकवू, पण डिग्री लागेल. आहे?"

"आहे."

"मग चार वर्षं बाटल्या का धुतेस?"

याला उत्तर होतं, पण ते दाखवायची माझी हिंमत नव्हती. माझ्या डिग्रीवर माझं नाव नव्हतं.

म्हणजे होतं, पण ती मुलगी वेगळी. लग्नात माझं नाव बदललं. आडनाव तर बदलतंच, नावही. माझं नाव एका नदीचं होतं. सासरी त्याच नावाच्या एक चुलत सासूबाई आधीच होत्या, आणि एका घरात दोन नद्या नकोत असं ठरलं. ह्यांनी ताटातल्या तांदळात अंगठीनं नवं नाव लिहिलं, फुलाचं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मी लाजले. पासपोर्ट फुलाचा झाला, रेशनकार्ड फुलाचं, मुलीच्या दाखल्यावर आईचं नाव फुलाचं. नदी डिग्रीच्या कागदावर राहिली आणि कागद सुटकेसच्या तळाशी.

तरी मॅनेजरच्या त्या प्रश्नानं मला चेव आला. अर्ज केला, डिग्री जोडली. मुलाखतीचं पत्र येईल म्हणून निळी साडी इस्त्री करून ठेवली. दोन आठवड्यांनी पत्र आलं, पण मुलाखतीचं नव्हतं. आस्थापना विभागाचं म्हणणं असं की ही पदवी दुसऱ्याच स्त्रीच्या नावावर आहे. आणि चार वर्षांपूर्वी मी नोकरीला लागताना जो फॉर्म भरला होता त्याची प्रत सोबत होती. त्यात प्रश्न: पूर्वीची धरून इतर सर्व नावं. त्यापुढे माझ्या सुवाच्य अक्षरात: नाहीत. खाली दोन रेघा. एक रेघ पुरली असती, पण मी फर्स्ट क्लास.

त्या रेघा मारताना मला काय वाटलं होतं ते मला चांगलं आठवतं. वाटलं होतं, दोन-दोन नावं चोरांना असतात. आपण सभ्य घरातल्या.

पत्रात पुढे लिहिलं होतं की या विसंगतीचा खुलासा करायला अमुक तारखेला यावं, सोबत एक व्यक्ती आणता येईल, आणि खुलासा पटला नाही तर सध्याच्या नोकरीचाही विचार करावा लागेल. म्हणजे बाटल्याही जाणार.

ह्यांनी पत्र दोनदा वाचलं. "अगं, उगाच कशाला वाढवायचं? लिहून टाक, चुकून दुसऱ्या कुणाचा कागद जोडला गेला. अर्ज मागे घे. आहे ती नोकरी तरी राहील."

"दुसऱ्या कुणाचा?"

"तसं लिहायचं फक्त. खरं काय ते आपल्याला माहीतच आहे."

मुलगी तेव्हा चौदा वर्षांची. टोस्ट खात म्हणाली, "पण आई, ते लाय आहे. तुझा दोन नावं आहे, हे मला कुणी सांगितला नाही." हे खरंच होतं. मी तिलाही सांगितलं नव्हतं.

आणि तरी मी ते पत्र लिहिलं. आज सांगायला लाज वाटत नाही, कारण ती बाई मी नव्हेच असं म्हणायची मला सवयच होती. सुंदर इंग्रजीत पत्र लिहिलं, दिलगिरी व्यक्त केली, आणि गुरुवारी बाईसाहेबांकडे नेलं. सल्ल्यासाठी नव्हे. स्वल्पविराम बघून घ्यायला.

त्यांनी हात पुढे केला नाही. "उभी राहा," म्हणाल्या. "वाच."

"बाईसाहेब, फॉर्म नाही हा. साधं पत्र आहे."

"मग लवकर होईल."

खोलीत सात-आठ बायका होत्या. मी इतके महिने कोपऱ्यात बसून ज्यांची कीव केली त्या सगळ्या आपापल्या पेन्सिली खाली ठेवून माझ्याकडे बघायला लागल्या. मी उभी राहिले. पहिलं वाक्य छान गेलं. दुसरं असं होतं: सोबत जोडलेली पदवी माझी नाही. मी "सोबत जोडलेली पदवी" इथपर्यंत आले आणि थांबले. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथंच थांबले. लिहिताना त्या शब्दांना अजिबात आवाज नव्हता. आता ते तोंडात धरवेनात.

"पुढे काय लिहिलंय?" सोमाली बाईनं विचारलं.

"खोटं," मी म्हणाले, आणि खाली बसले.

मग सगळं सांगितलं. बाटल्यांपासून नदीपर्यंत. तांदळाचं सांगितलं तेव्हा बाईसाहेबांनी तीन वेळा विचारलं, "तांदळात? खायच्या तांदळात?" आणि मग म्हणाल्या, "तुझ्याकडे जे जे कागद आहेत, कोणत्याही नावाचे, ते सगळे शनिवारी माझ्या घरी आण. नवऱ्यालाही आण."

त्यांचं घर म्हणजे दोन खोल्या आणि पुस्तकं. शनिवारी मी सुटकेस त्यांच्या स्वयंपाकघराच्या टेबलावर उघडली. कॉलेजचं ओळखपत्र निघालं, त्यावर दोन वेण्यांतली नदी. लॅबचा अनुभवाचा दाखला निघाला. तळाशी लग्नाचा आल्बम. बाईसाहेब तो उलगडत बसल्या. एका फोटोवर थांबल्या. ह्यांच्या हातात अंगठी, पुढ्यात ताट, तोंडावर गणिताच्या पेपरचा भाव.

"इथं काय करतोय हा? जेवतोय?"

"नाव लिहितोय," मी म्हणाले. "माझं."

त्यांनी भिंग आणलं. तांदळातली अक्षरं स्पष्ट दिसत होती, फोटोग्राफरनं मुद्दाम वरून घेतला होता. मग भिंग वर सरकलं. "आणि मागे भिंतीवर हे इंग्रजीत?"

मागे भिंतीवर कार्यालयवाल्यानं लावलेली थर्माकोलची अक्षरं होती. लाल जिलेटिनमधली. वधूचं नाव, वेड्स, वराचं नाव. वधूचं नाव नदीचं. मुहूर्ताला नदी उभी होती, आणि तासाभरानं तिच्याच पुढ्यात ताटात फूल. एका फोटोत दोन्ही नावं, मध्ये मी. पंधरा वर्षं हा आल्बम पाहुण्यांना दाखवत होते, "साडी बघा" म्हणून.

बाईसाहेबांनी भिंग फोटोवरच ठेवलं. मग चहा ओतता ओतता स्वतःचं सांगितलं, न विचारता, पहिल्यांदाच.

त्यांच्या देशात सरदार घराण्यांची वंशावळ दोन बाजूंनी मोजतात. तलवारीची बाजू म्हणजे मुलगे. चातीची बाजू म्हणजे सूत कातणाऱ्या, मुली. घराणं चालतं ते तलवारीच्या बाजूनं. त्यांच्या वडिलांना तीन मुलीच. वडील वारले तेव्हा बाईसाहेब एकोणीस वर्षांच्या होत्या. अंत्यविधीला घराण्याची रंगवलेली ढाल आणली आणि जुन्या रिवाजाप्रमाणे ती शवपेटीपुढे फोडली. घराणं नामशेष झालं, असं एका गृहस्थानं जाहीर केलं. पहिल्या बाकावर तिघी बहिणी काळ्या टोप्या घालून बसल्या होत्या.

"मोठी बहीण माझ्याकडे झुकली," बाईसाहेब म्हणाल्या, "आणि कुजबुजली, नामशेष झाल्याच्या मानानं मला बरीच भूक लागलीय. आम्ही हसायला लागलो. अंत्यविधीत. आईनं चिमटे काढले. दुसऱ्या आठवड्यात मी कायद्याच्या शाळेत नाव घातलं."

त्यानंतर, एक्क्याण्णवाव्या वर्षी खरोखर जाईपर्यंत, त्या बहात्तर वर्षं नामशेष राहिल्या, आणि त्या सगळ्या वर्षांत त्यांना एक दिवस सवड मिळाली नाही.

हे आतापर्यंत बिस्किटं खात होते. बाईसाहेब त्यांच्याकडे वळल्या. "तू तिला नवं नाव दिलंस. तिनं तुला कोणतं दिलं?"

हे माझ्याकडे बघायला लागले, जणू मी एखादं देऊन विसरले असेन. "आमच्यात तसं नसतं," म्हणाले.

"कसं नसतं?"

"म्हणजे... पुरुषाचं नाव..." बिस्किट हातात राहिलं. शेवटी म्हणाले, "खरं सांगायचं तर नाव काकूंनी सुचवलं होतं. मी फक्त लिहिलं."

"मग आता जे खरं घडलं ते लिहून दे. वकिलापुढे, शपथेवर."

वाटेत बसमध्ये हे कुरकुरले. "अगं, वकिलापुढे म्हणजे मी काय गुन्हेगार आहे?"

"नाही हो," मी म्हणाले. "साक्षीदार आहात. मुद्देमाल मी आहे."

पण गेले. लिहून दिलं. माणूस वाईट नव्हता, अजूनही नाही. त्यांनी एवढंच कधी पाहिलं नव्हतं की त्या ताटाच्या दुसऱ्या बाजूलाही कुणी बसलंय.

बैठकीच्या आदल्या गुरुवारी बाईसाहेबांनी टेबलाच्या खणातून एक जाड, पिवळसर कागद काढला. वर घराण्याचं चिन्ह छापलेलं, मुकुट वगैरे. "हा मी फार क्वचित वापरते," म्हणाल्या. "इंग्रज साहेब मुकुट पाहिला की खुर्चीत सरळ बसतो. तुझ्यासाठी चार ओळी लिहू?"

आदल्या वर्षीची मी असते तर तो कागद फ्रेम करून हॉलमध्ये लावला असता. हातही पुढे गेला होता. मग म्हणाले, "नको, बाईसाहेब. मुकुटानं काम झालं तर मला कधीच कळणार नाही की मी त्यांना पटले की नाही."

त्यांनी कागद परत खणात ठेवला. खण बंद करताना त्यांचा चेहरा असा खुलला होता, की मला वाटलं मुकुटाचा कागद त्यांनी याचसाठी काढला असावा. विचारलं तेव्हा म्हणाल्या, "छे, मी मनापासून विचारलं होतं. जरा दुखावलेच आहे." मग हसल्या.

बैठकीच्या खोलीत तिघं होते. आस्थापनेचा एक बारीक टायवाला गृहस्थ, नोंदी करणारी एक मुलगी, आणि आमची कार्डिफवाली. माझ्या सोबतीला बाईसाहेब. नियमाप्रमाणे त्यांना बसायची परवानगी होती, बोलायची नव्हती. हे साक्षीदार म्हणून बाहेर थांबले होते.

टायवाल्यानं तो जुना फॉर्म माझ्यापुढे सरकवला. "हे तुमचंच अक्षर?"

मी उभी राहिले. "बसून सांगितलं तरी चालेल," तो म्हणाला. मी म्हणाले, नको. फॉर्म हातात धरला आणि प्रश्न मोठ्यानं वाचला: पूर्वीची धरून इतर सर्व नावं. मग उत्तर वाचलं: नाहीत. रेघाही वाचल्या: खाली दोन रेघा.

"हे उत्तर चुकीचं आहे," मी म्हणाले. "आणि ते मीच लिहिलंय."

"का लिहिलंत?"

आदल्या रात्रीपर्यंत पाठ केलेलं एक भारी इंग्रजी उत्तर होतं. ते गेलं कुठंतरी. मी त्यांना बोहारणीची गोष्ट सांगितली. आमच्याकडे दारावर एक बाई येते, जुन्या साड्या घेते आणि बदल्यात भांडं देते. साडी गेली की गेली. ती तुमची होती असं कुणी पुढे म्हणत नाही; भांडं मात्र घरात मिरवतं. "मला वाटलं, नावाचंही तसंच असतं," मी म्हणाले. "चांगल्या अवस्थेतलं नाव होतं. परीक्षा पास झालेलं. मी ते देऊन टाकलं, आणि तुमच्या फॉर्मवर भांडं तेवढं लिहिलं. पण सर, स्लाइड वाचायला शिकली होती ती साडी."

मुलीनं हे सगळं लिहून घेतलं की नाही कोण जाणे. टायवाला फोटो बघायला लागला. मी त्याला ताट दाखवलं, भिंत दाखवली, अक्षरं बोटानं लावून दाखवली. तो म्हणाला, "म्हणजे लग्न चालू असतानाच?" कार्डिफवाली फोटोवर ओणवली आणि म्हणाली, "साडी सुंदर आहे गं."

मग ह्यांना आत बोलावलं. शपथपत्र वाचून झालं. टायवाल्यानं चष्मा काढला. "एकच विचारतो. घरी तुम्ही पत्नीला यांपैकी कोणत्या नावानं हाक मारता?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं, छताकडे बघितलं.

"अगं," म्हणाले.

टायवाल्यानं पेन उचललं. "हे तिसरं नाव आहे का? यादीत नाही."

"नाव नाही ते. ते... बोलावणं आहे. ही मला अहो म्हणते."

"म्हणजे तुमचंही दुसरं नाव आहे?"

कार्डिफवालीला खोकल्याची उबळ आली आणि ती पाण्याचा ग्लास घेऊन खिडकीशी गेली. आणि मला तेव्हा, भर चौकशीत, पहिल्यांदा कळलं की पंधरा वर्षांत या माणसानं मला दोन्हींपैकी एकाही नावानं हाक मारलेली नाही. ज्या फुलासाठी मी नदी दिली, ते फूल कुणी हुंगलंसुद्धा नव्हतं. मला हसू फुटलं. मी हसले म्हणून हेही हसले, आणि टायवाल्यानं पेन खाली ठेवलं.

बाहेर आल्यावर बाईसाहेब भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. "चाळीस मिनिटं," त्या म्हणाल्या. "कोठडीतही मी इतका वेळ गप्प नव्हते. पुन्हा असली मदत मागू नकोस."

निकाल दहा दिवसांनी आला. जुन्या फॉर्मची दुरुस्ती नोंदवून घेतली आहे, पदवी माझीच असल्याचं मान्य आहे, आणि टेक्निशियनच्या जागेसाठी मुलाखतीला यावं. मुलाखतीत माझ्यापुढे पाच स्लाइड ठेवल्या. पाचवी सोडली तर सगळ्या बरोबर आल्या, आणि पाचवीवर कार्डिफवाली आणि दुसरा परीक्षक आपसातच भांडले. जागा मला मिळाली.

मग मी नावाचाही निकाल लावला. या देशात नाव बदलायला एक कागद आणि सही-साक्ष लागते, मुहूर्त लागत नाही. ह्यांनी विचारलं, "मग मी ठेवलेलं नाव?"

"ते तुम्ही घ्या. फुलाचं आहे, शोभेल."

"काकूंना काय सांगायचं?"

"सांगा, घरात पुन्हा दोन नद्या झाल्या. पूर आला तर कळवू."

चुलत सासूबाईंचाच फोन आला, पुण्याहून, मूळच्या नदीचा. मला वाटलं ऐकवणार. त्या म्हणाल्या, "बरं केलंस. माझंही माहेरचं नाव वेगळं होतं, तुला ठाऊक आहे का?" आणि त्यांनी ते सांगितलं. पन्नास वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं. मी ते इथं लिहीत नाही, ते त्यांचं आहे.

ओळखपत्राच्या खिडकीतली बाई नॉटिंगहॅमची अस्सल. इथं लाडानं सगळ्यांना एकच नाव आहे, डक, म्हणजे बदक. "कोणतं नाव घालू, डक?" तिनं विचारलं. मी नदीचं सांगितलं, एकेक अक्षर, सावकाश. मागे रांग होती. असू दे म्हटलं.

पहिल्या दिवशी कार्डिफवालीनं मला खिडकीजवळचा मायक्रोस्कोप दिला. पंधरा वर्षांनी हक्कानं डोळा लावला. आधी नुसता गुलाबी धुरळा, मग बोटांनी आपणहून चक्र फिरवलं आणि पेशी एकेक करून जागेवर आल्या. मोजल्या. पुन्हा मोजल्या. वर्कशीटवर आकडे लिहिले. खाली रकाना होता: तपासणाऱ्याचं नाव आणि सही. मी पेन हातात धरून बसले.

"अडलं का काही?" कार्डिफवालीनं लांबून विचारलं.

"नाही."

"मग पुढचा ट्रे घे. अजून चार आहेत."

मी नाव लिहिलं, सही केली. त्या दिवशी चारही ट्रे संपवले. हात दुखायला लागला तरी एकाही कागदावर आद्याक्षरांवर भागवलं नाही. दरवेळी नाव पूर्ण लिहिलं. संध्याकाळी कार्डिफवाली गठ्ठा चाळत म्हणाली, "इथं छोटी सही चालते, माहिती आहे ना?"

"माहिती आहे," मी म्हणाले.